सगळे खापर धुळीवर?

सांगलीची हवा कशामुळे बिघडली, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत जणू ठरूनच गेले आहे. धुळीमुळे. रस्ते उखडलेले, खड्डे मुरमाने बुजवलेले, साइडपट्ट्या मातीच्या. वरून मालट्रक गेला की मागे ढग उठतो. उपायही तितकेच ठरलेले. पाण्याचे टँकर, रस्ते झाडणारी यंत्रे, चौकात कारंजे, दुभाजकावर झाडे. हे उत्तर सोपे आहे, डोळ्यांना दिसणारे आहे आणि कुणालाही न दुखावणारे आहे. धुळीला मालक नाही, संघटना नाही आणि मतदारसंघही नाही.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. पैसा मात्र ते पूर्ण खरे आहे असे धरून खर्च होतो.

धूळवाद्यांची बाजू पोकळ नाही, ती आधी नीट मांडली पाहिजे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. हवेचे राष्ट्रीय मानक सलग पाच वर्षे न पाळू शकलेल्या शहरांची यादी त्यासाठी झाली आणि मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर यांच्या पंक्तीत सांगलीही बसली. तिला तिथे बसवले ते दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांनी, म्हणजे पीएम १० ने. या कणांची वार्षिक सरासरी हवेच्या घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असे आपले २००९ चे मानक सांगते. पीएम १० मध्ये मातीचा वाटा मोठा असतो, हेही खरे. त्यात सांगलीच्या मातीची स्वतःची एक गोष्ट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. पाणी ओसरल्यावर मागे राहिलेला गाळ वाळला आणि चाकांखाली दळला गेला. चिंतामणीनगरचा जुना रेल्वे पूल २०२३ मध्ये पाडला आणि नव्याचे काम रेंगाळले, तेव्हा शहराला लागून असलेल्या माधवनगरच्या वाटेवरच्या माणसाला धुळीचे महत्त्व कुणी वेगळे पटवून द्यायची गरज नव्हती.

मग वाद कशाबद्दल आहे? पहिला वाद तराजूबद्दल आहे.

राष्ट्रीय हवा-देखरेख जाळ्याच्या हाताने चालवायच्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, चोवीस तास हवा ओढली जाते. वर्षाला १०४ दिवस. गाळणीचा कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा आणि वजनातली वाढ ओढलेल्या हवेच्या घनफळाने भागायची. हवेत किती कण आहेत, ते या रीतीने चांगले कळते. ते कुठून आले, याबद्दल मात्र ती अवाक्षर बोलत नाही. आणि वजनाचा हिशेब मोठ्या कणाच्या बाजूने झुकलेला असतो. दहा मायक्रॉनचा एक कण आणि अडीच मायक्रॉनचे चौसष्ट कण यांचे वजन, घनता सारखी धरली तर, सारखेच भरते. एक मायक्रॉनचे हजार कण घातले तरी पारडे तेवढेच. पहिला एकटा कण बहुधा नाकाघशात अडकतो. ते हजार थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, काही त्यापुढे रक्तात. तराजूला दोन्ही सारखे. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले. वजनाच्या तक्त्यात त्या धुराची काजळी मुरमाच्या भुकटीपुढे नगण्य दिसते. शहराच्या हवेचा दोषी कोण, हे केवळ पीएम १० च्या वजनावरून ठरवायचे म्हटले की धूळ जिंकणार, हे निकालाआधीच ठरलेले असते.

दुसरा वाद हिशेबाच्या पद्धतीबद्दल आहे, आणि तो अधिक मोठा आहे. प्रदूषणाचे स्रोत शोधायच्या मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली वाट कागदावरची. शहरात वाहने किती, भट्ट्या किती, चुली किती, रस्ते किती किलोमीटर, हे मोजायचे. प्रत्येकाला ठरावीक गुणक लावायचा आणि बेरीज करायची. याला उत्सर्जन यादी म्हणतात. दुसरी वाट उलट्या टोकाने निघते. हवेतले कण गाळणीवर पकडायचे, त्यांची रासायनिक तपासणी करायची आणि रासायनिक ठशांवरून मूळ शोधायचे. लाकूड-पाचट जळले की लेव्होग्लुकोसान नावाची साखर धुरात उतरते. ॲल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम आणि लोह मातीकडे बोट दाखवतात. मूलद्रव्य रूपातला कार्बन डिझेलकडे, तांबे-बेरियम-अँटिमनी गाड्यांच्या ब्रेककडे.

दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचायला हव्यात. पोचत नाहीत. दिल्लीसाठी आयआयटी कानपूरने केलेला आणि २०१६ मध्ये सादर झालेला अभ्यास याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. त्याच्या उत्सर्जन यादीत सूक्ष्म कणांचा, म्हणजे पीएम २.५ चा, सर्वांत मोठा स्रोत निघाला रस्त्यावरची धूळ: ३८ टक्के. त्याच अभ्यासाने हिवाळ्यात प्रत्यक्ष हवेतले कण गाळणीवर धरून तपासले, तेव्हा माती आणि रस्त्याची धूळ मिळून वाटा आला सुमारे ४ टक्के. पुढे होते ते वायूंपासून हवेतच तयार झालेले दुय्यम कण, सुमारे ३० टक्के. मग जैवइंधनाचा धूर आणि वाहने, प्रत्येकी पाव हिस्सा. उन्हाळ्यात चित्र पालटले आणि धुळीचा वाटा पावाच्या वर गेला. शहर तेच आणि अभ्यासही तोच. पद्धत आणि ऋतू बदलला की दोषी बदलतो. धूळवाद्यांच्या हातात ३८ चा आकडा असतो, ४ चा नसतो.

एवढी तफावत का पडते? रस्त्याच्या धुळीचा गुणक अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या सूत्रातून येतो. रस्त्यावर साचलेली बारीक माती आणि वाहनांचे सरासरी वजन त्यात घातले की धुळीचा आकडा निघतो. उठलेल्या धुळीपैकी बरीचशी शे-दोनशे पावलांत खाली बसते, भिंतीला आणि झाडांना चिकटते. यादीत मात्र ती सगळी हवेतच राहिलेली असते. खुद्द अमेरिकेतही यादीतली धूळ आणि गाळणीवरची धूळ यांचा मेळ बसेना, म्हणून २००६ मध्ये सूत्रातला सूक्ष्म कणांचा वाटा खाली आणावा लागला. त्या देशात ज्यावर शंका घेतली गेली, ते आपल्याकडे पुष्कळदा शिरोधार्य मानले जाते.

आता माधवनगरला येऊ या. सांगलीहून तासगावच्या दिशेने निघाले की लागणारे हे गाव. पलीकडे बुधगाव, मधून पुणे–मिरज रेल्वे. एकेकाळी कापूस गिरणीने नाव मिळवलेले आणि अजूनही यंत्रमागांचा खडखडाट असलेले. इथल्या हवेत काय काय येऊन मिळते, याची नुसती उजळणी केली तरी ‘धूळ’ हे एकशब्दी उत्तर किती तोकडे आहे ते कळते. हिवाळ्याच्या पहाटे अंगणोअंगणी बंब पेटतात. त्यात लाकूड, शेंगांची टरफले, नारळाच्या करवंट्या जातात, आणि काही घरी प्लास्टिकच्या पिशव्याही. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या बॉयलरला जळण लागते. सांगलीच्या कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत काळा धूर सोडत जातात. ऊस तुटला की शेतात पाचट पेटते. नदीकाठच्या वीटभट्ट्या, कुपवाड आणि मिरज औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्या, पश्चिमेकडची गुऱ्हाळे, डोंगराकडेचे खडी क्रशर. हळदीच्या हंगामात शेतावर हळद शिजते आणि पॉलिशच्या ड्रमभोवती पिवळी भुकटी उडते. ती भुकटी दिसते भरपूर, पण जाडी असल्याने दूर जात नाही. शिजवायच्या चुलवणाचा धूर त्याहून लांब जातो.

आणि एक स्रोत कुणाच्याच यादीत सहसा नसतो. फेब्रुवारी ते एप्रिल तासगाव भागात बेदाणा तयार होतो आणि त्याला सोनेरी रंग यावा म्हणून गंधकाची धुरी दिली जाते. गंधक जळून निघणारा सल्फर डायऑक्साइड हा वायू आहे, कण नाही. कुणी त्याला धूळ म्हणणार नाही. पण हवेत त्याचे सल्फेट होते, ते अमोनियाशी जुळते आणि सूक्ष्म कण जन्माला येतो. अमोनिया कुठून येतो? उसाला भरमसाट टाकलेल्या युरियातून आणि गोठ्यातून. म्हणजे एका शेतकऱ्याचा बेदाणा आणि दुसऱ्याचा ऊस मिळून, कोणत्याही चिमणीतून बाहेर न पडलेला कण तयार होऊ शकतो. त्याचा वाटा मोठा असेल किंवा क्षुल्लक असेल. टँकरने मारलेल्या पाण्याने मात्र तो एका मायक्रोग्रॅमनेही कमी होणार नाही.

इथे धूळवाद्यांचा नेहमीचा विरोधक पुढे येतो. त्याचे उत्तरही एकाच शब्दाचे असते: कारखाना. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडली, की त्याला आणखी पुरावा नको असतो. त्याचा संताप समजण्यासारखा आहे, पण तर्क धूळवाद्यांइतकाच कच्चा आहे. कपड्यावर दिसणारी राख जाडी असते म्हणूनच दिसते आणि जाडी असते म्हणूनच खाली पडते. फुप्फुसात जाणारा कण कपड्यावर दिसत नाही. शिवाय साखर कारखाना वर्षातून साधारण चार-पाच महिने चालतो. एप्रिल-मेमधल्या वाईट हवेचे खापर बंद चिमणीवर फोडता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे आकडे बिघडतात ते एकट्या गळीत हंगामाने की थंडीत रात्रीची हवा जमिनीलगत दबून राहते म्हणूनही, हे डोळ्यांनी ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होतात, हीच तर अडचण आहे.

रासायनिक तपासणी केली की सगळे आपोआप उलगडते, असेही समजू नये. माधवनगरसारख्या ठिकाणी तिलाही चकवा बसू शकतो, आणि तो चकवा धुळीच्याच बाजूचा असतो. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळणाऱ्या चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते, कारण ऊस हे गवताच्या कुळातले पीक. ते मातीतून सिलिका ओढून घेते. आता प्रयोगशाळेने सिलिकॉन दिसला की ‘माती’ असे लिहायचे ठरवले, तर बॉयलरमधून उडालेली राख रस्त्याच्या धुळीच्या खात्यावर जमा होईल. पाचट, गुऱ्हाळ, बंब आणि चिपाडाची भट्टी या सगळ्यांचा धूर वनस्पतीचाच, लेव्होग्लुकोसान सगळ्यांत. त्यांना वेगळे काढायचे तर स्थानिक ठसे हवेत. देशपातळीवर असे ठसे तयार झालेले आहेत. वाहनांचे पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने केले, इतर स्रोतांचे आयआयटी मुंबईने. पण तासगावचा बेदाणा शेड आणि सांगलीचा बंब यांची नोंद स्थानिक पातळीवर घेतल्याशिवाय माधवनगरचा हिशेब जुळणार नाही. वाऱ्याची दिशा, तास आणि हंगाम यांची जोड दिली तरच या धुरांचे एकेक पदर सुटतात.

चुकीचा दोषी धरला की काय होते, याचे उदाहरण आग्र्यात आहे. ताजमहालाचा संगमरवर काळवंडतो म्हणून जानेवारी २०१५ मध्ये तिथल्या प्रशासनाने शेणी जाळण्यावर बंदी घातली. गरिबाची चूल पकडायला सोपी असते. पुढच्याच वर्षी भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मोजून पाहिले, तेव्हा ताजच्या पृष्ठभागावर वर्षाला चौरस मीटरमागे शेणींच्या धुराचे सुमारे १२ मिलिग्रॅम कण बसत होते आणि उघड्यावर जळणाऱ्या कचऱ्याचे सुमारे १५०. बारा पट मोठा दोषी नगरपालिकेच्या नाकासमोर जळत होता. बंदी दुसऱ्यावरच आली होती.

देशाच्या तिजोरीचा कल पाहिला तर आग्र्याची चूक अपवाद वाटत नाही. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने जुलै २०२४ मध्ये शुद्ध हवा कार्यक्रमाच्या खर्चाची फोड मांडली. ६४ टक्के निधी रस्त्याच्या धुळीवर. कचरा व जैवइंधन जाळणे रोखण्यावर सुमारे साडेचौदा, वाहनांवर साडेबारा, आणि उद्योगांवर एक टक्कासुद्धा नाही; ०.६१. पेव्हर ब्लॉक आणि झाडूयंत्रे यांची निविदा निघते, बिल निघते, फीत कापता येते. ट्रॅक्टरच्या धुराची तपासणी किंवा बॉयलरच्या चिमणीवर रात्री अडीच वाजता धाड, यांत फीत कापण्यासारखे काही नाही. धुळीवरचे प्रेम निव्वळ शास्त्रातून आलेले नाही, असे म्हणायला एवढे पुरे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ‘अभ्यास, अभ्यास म्हणून किती वर्षे काढायची? स्रोत सगळ्यांना माहीत आहेत. सगळ्यांवर एकदम काम करा.’ दिल्लीने १९९० च्या दशकापासून किती अहवाल केले आणि किती फडताळात ठेवले, हे पाहिले तर या आक्षेपाला मान द्यावाच लागतो. काही गोष्टींसाठी गाळणीची वाट पाहायची गरज नाही. उघड्यावर कचरा जाळणे २०१६ च्या घनकचरा नियमांनीच बेकायदा ठरवले. राष्ट्रीय हरित लवादाने त्याच वर्षी डिसेंबरात साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपयांची भरपाई ठरवून दिली. सकाळी झाडलेला पाला तिथेच पेटवण्याची सवय मोडायला पीएचडी लागत नाही.

पण ‘सगळ्यांवर एकदम’ हे वाक्य सभेत शोभते, अंदाजपत्रकात टिकत नाही. पैसा मर्यादित असतो, मनुष्यबळ त्याहून मर्यादित. अशा वेळी जे सोपे तेच आधी होते आणि सोपे म्हणजे पाणी मारणे. मुंबई महापालिकेने २०२३ च्या हिवाळ्यात रस्ते धुवायला टँकर काढले. त्या पाण्याने रस्ता तासभर ओला राहतो. डिझेलची काजळी आणि सल्फेट वरून तसेच वाहत जातात. आणि उन्हाळ्यात सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडे, माणसांना प्यायला टँकर लागतो तेव्हा पश्चिमेला रस्त्याला पाणी पाजणे बरे दिसत नाही, हेही कुणीतरी बोलायला हवे.

राहता राहिला प्रश्न हद्दीचा. त्याच्यामुळे माधवनगरची गोष्ट सांगलीच्या गोष्टीहून वेगळी होते. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महापालिका १९९८ मध्ये झाली. माधवनगर तिच्या सीमेला चिकटून आहे, पण आत नाही. तिथे ग्रामपंचायत आहे. शुद्ध हवेचा आराखडा आणि निधी महापालिकेचा, आणि वारा कुणाचाच नाही. हिवाळ्यात पूर्वेकडून वारे वाहतात, पावसाळ्यात पश्चिमेकडून. पाचटाचा, बंबाचा, सायझिंगचा धूर महापालिकेची हद्द विचारून थांबत नाही.  महापालिकेच्या हद्दीत चोख मोजमाप करून सांगलीच्या हवेचे स्रोत शोधायचे आणि वीटभट्ट्या, उसाची शेते, बेदाण्याचे शेड हद्दीबाहेर म्हणून सोडून द्यायचे, तर उरणार काय? रस्ते. म्हणजे पुन्हा धूळच. धूळवाद असाही, हद्दीच्या रेषेतून, तयार होतो.

तेव्हा माधवनगरकरांनी मागायचे ते टँकर नव्हे. मागायची ती दोन हंगामांतली तपासणी: एकदा गळीत ऐन भरात असताना, एकदा एप्रिल-मेमध्ये धुराडी बंद असताना. केंद्रे महापालिकेच्या हद्दीत आणि तिच्या बाहेर, माधवनगर व बुधगावलाही. तोलाई पीएम १० ची आणि पीएम २.५ चीही. कागद क्वार्ट्झचा आणि टेफ्लॉनचा, म्हणजे कार्बनही कळेल आणि धातूही. चिपाडाची राख, बंबाचा धूर, बेदाण्याची धुरी आणि सांगलीची स्वतःची रस्त्याची माती यांचे ठसे आधी गोळा करून. निष्कर्ष आला की तो ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावायचा, टक्केवारीसकट आणि त्या टक्केवारीतल्या अनिश्चिततेसकट. अहवालात रस्त्याची धूळ सगळ्यात वर निघाली, तर हा लेख मागे घ्यायला हरकत नाही. निघेपर्यंत ‘धूळच’ म्हणणाऱ्याने आपला आकडा कुठल्या वाटेने आला, यादीतून की गाळणीवरून, एवढे तरी सांगावे. गळीत नोव्हेंबरच्या आसपास सुरू होते. गाळण्या त्याआधी बसल्या पाहिजेत.